पिंप्राळ्याचा रेगे-समीक्षक

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

आजपासून मी समीक्षक. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

झालं असं. धुळ्याची पुनम नावाची मुलगी इंटरनेटवर 'खरखर' नावाचं मराठी मासिक चालवते. जगभर निघणाऱ्या नव्या रेकॉर्डींची परीक्षणं त्यात येतात. मागच्या महिन्यात तिने रेगे या जमैकाच्या संगीताबद्दल काहीतरी भलतंच छापलं आणि मी खवळून चार पानी पत्र पाठवलं. वाटलं, बाई आता आपली चांगलीच हजेरी घेणार. तर तिचा फोन, "काका, मग तुम्हीच लिहा ना!"

रेगे आणि त्याचा नाचरा भाऊ डान्सहॉल, यांच्या नव्या रेकॉर्डींवर तिला दरमहा एक सदर सुरू करायचंय. उमेदवार दोन. एक मी, पिंप्राळ्याचा रतिलाल बोरसे, वय एकसष्ट, ठिबक सिंचनाच्या कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. दुसरे अमळनेरचे प्राध्यापक ईश्वर सर, जे तळटीपा देतात. दोघांनी तीन-तीन परीक्षणं लिहायची. एप्रिलमध्ये धुळ्याला कार्यक्रम, तिथे दोघांचीही समोरासमोर परीक्षा, आणि सदर कोणाचं ते तिथेच जाहीर होणार.

मला ते सदर पाहिजे. प्रमोशनसाठीसुद्धा जीव इतका कासावीस झाला नव्हता. २०११ साली कंपनीने मला चार महिने जमैकाला ठिबक बसवायला पाठवलं होतं. तिथल्या मळ्यात नळ्या अंथरता अंथरता हा ताल कानात शिरला तो निघालाच नाही. येताना अकरा रेकॉर्डी आणल्या. इंदिरा तेव्हा म्हणाली होती, "लोके परदेशथून सोनं आनतस." चौदा वर्षं त्या रेकॉर्डी ऐकतोय आणि आजवर त्याबद्दल मला कोणी म्हणून काही विचारलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

पहिलं पार्सल आलं! सात इंची रेकॉर्ड, नवीकोरी, वास अजून प्लास्टिकचा. गायकाचं नाव डॅडी थर्मस. मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ऐकायला बसलो. समोर वही, दोन पेनं, चष्मा पुसलेला.

इंदिरा स्वयंपाकघरात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. मी किती वेळा सांगितलंय की ऐकताना मध्ये बोलू नकोस. पण ती बोलणारच. म्हणाली, "ओ, हाऊ गडी पहिला पाय टाकतच नही. दुसराच टाकस." मी म्हटलं, "तू भाकर देख." थोड्या वेळाने पुन्हा, "मानूस मोठा शे, पन आईले घाबरस असं गास."

दोन तास झाले तरी वहीत फक्त तारीख. म्हटलं, जरा चक्कर मारून येऊ. रिंगरोडपर्यंत जाऊन आलो आणि काय चमत्कार, वाक्यं भराभरा सुचली! चालण्याने मेंदूला रक्तपुरवठा होतो तो असा. परीक्षणाची सुरुवात: "रेगेच्या तालात पहिलं पाऊल पडतच नाही. हा माणूस दुसऱ्या पावलाने घरात शिरतो." आणि शेवट: "डॅडी थर्मस अंगाने धिप्पाड असेल, पण गातो मात्र आईच्या धाकात असल्यासारखा."

कुठून येतं हे सगळं डोक्यात, देव जाणे.

१९ फेब्रुवारी

छापून आलं. पुनमचा फोन सकाळी साडेआठला. "काका, दुसऱ्या पावलाने घरात शिरतो! हे कसं सुचलं तुम्हाला?" मी म्हटलं, "अनुभव." फोन ठेवल्यावर ओट्यापाशीच एक गिरकी घेतली आणि गुडघा धरला. ईश्वर सरांचं परीक्षणही वाचलं. अकरा तळटीपा. अभ्यास दांडगा आहे, पण वाचून मला झोप आली.

इंदिराला माझं वाचून दाखवलं. ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं शे." मग भांडी घासायला गेली. तिला यातलं फारसं कळत नाही, त्याला ती तरी काय करणार.

२ मार्च

दुसरं पार्सल, आणि माल खराब निघाला! एका बाजूला गाणं व्यवस्थित आहे. उलटी केली तर तोच ढोल, तोच बास, तीच गिटार, पण गाणाराच नाही. मध्येच कुठे एखादा शब्द उमटतो, घुमतो आणि विरून जातो. तीस वर्षं मी पाइप ठोकून सदोष माल बाजूला काढलाय. ताबडतोब पुनमला लेखी कळवलं: "बी साइडला गायकाचा आवाज छापायचा राहिला आहे, रेकॉर्ड बदलून द्यावी."

इंदिरा शेजारी बसून उन्हाळी पापडांसाठी, म्हणजे बिबड्यांसाठी, ज्वारी निवडत होती. म्हणाली, "राही नही जायेल, मुद्दाम सोडेल शे. एक बाजूले त्यानं गानं शे, दुसरी बाजूले जागा शे. ज्याले गानं व्हई त्यानी गावं." आणि त्या रिकाम्या तालावर चक्क गायला लागली, ज्वारी निवडता निवडता:

"हयद कोनी कुटी व माय, हयद कोनी कुटी,
शीतलनी मावशीनी, भरी भरी मुठी."

शीतल म्हणजे आमची लेक, धुळ्याला दिलीय. तिच्या हळदीत बायकांनी असंच रात्रभर म्हटलं होतं. चाल एकच, घर बदललं, नवरी बदलली की नावं बदलायची. मी म्हटलं, "अगं थांब, माले बास ऐकू येत नही शे!" मग ती थांबली.

३ मार्च

फोन. पुनम हसून हसून बेजार. म्हणे, काका, रेगेच्या सात इंचीवर असंच असतं, त्याला व्हर्जन म्हणतात. गाणाऱ्याचा आवाज काढून नुसता ताल ठेवतात आणि त्यावर दुसरा कोणीही येऊन आपलं गाणं म्हणतो. एकाच तालावर पन्नास-पन्नास गाणी होतात.

चौदा वर्षं माझ्या अकराच्या अकरा रेकॉर्डींच्या बी साइड मी सदोष समजून ऐकल्या नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही.

पण संध्याकाळपर्यंत परीक्षण तयार! "एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्यासाठी सोडलेली जागा. आमच्या खानदेशात हळदीला बायका हेच करतात: चाल तीच, फक्त नवरीचं नाव बदलतं." हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. दोन देश एका वाक्यात बांधले मी!

९ मार्च

पुनम म्हणते, हळदीचं ते वाक्य ती रेकॉर्ड काढणाऱ्या लंडनच्या कंपनीने इंग्रजीत करून इंटरनेटवर आपल्या पानावर टाकलं. लंडन! मी कॉलनीत सगळ्यांना सांगितलं. किराणावाल्याला सांगितलं. गॅसवाल्यालाही सांगितलं. इंदिराला म्हटलं, "लंडनले पोहचनं मनं वाक्य." ती गच्चीवर बिबडे टाकत होती. पळी थांबवून माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाली, "पोहचू द्या." मग पुढचा बिबडा टाकला.

१८ मार्च, मंगळवार

इंदिरा शीतलकडे धुळ्याला गेली. शीतलचं घर बदलायचंय, तीन-चार आठवडे लागतील. स्टँडवर सोडून आलो. खोटं कशाला बोलू, मला जरा बरंच वाटलं. तिसरी रेकॉर्ड उद्या-परवा येईल. या वेळी पूर्ण शांतता, कोणी मध्ये बोलणार नाही. हे परीक्षण माझं सर्वश्रेष्ठ ठरणार आणि ईश्वर सर आपल्या तळटीपा गुंडाळून ठेवणार.

२२ मार्च

आली. बारा इंची, रिमिक्स. ऐकली. वाक्य सुचलं नाही.

२३ मार्च

सात वेळा ऐकली. चक्कर मारून आलो, रिंगरोडच नाही, थेट रेल्वे स्टेशनपर्यंत. परत आलो तरी काही सुचेना. "ताल उत्तम आहे" असं लिहिलं आणि खोडलं.

२५ मार्च

ऊन फार वाढलंय. चाळीसच्या वर गेलं की मेंदू चालत नाही, हे शास्त्र आहे. रेकॉर्ड वाकेल म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवली. स्वतःही तिथेच बसलो. शांतता इतकी की फ्रिजचा आवाज ऐकून मी दोनदा उठलो.

२७ मार्च

सुटलो! अखेर पकडलं. लिहिलं: "मर्व्हलिन या बुजुर्ग गायकाचा खर्ज खोल आहे. हा धीरगंभीर पुरुषी आवाज जणू सातपुड्याच्या पोटातून येतो. रिमिक्स करणाऱ्याने ताल मुद्दाम संथ ठेवला आहे, हे त्याचं धाडस." पाठवून दिलं. विशेषणं मोजली तर एकवीस भरली. भरगच्च झालंय.

३१ मार्च

हे लिहावं की नाही अशा विचारात सकाळ गेली.

मर्व्हलिन बाई आहे. बावीस वर्षांची. आणि गाणं नाचायचं आहे, लग्नात पोरं उड्या मारतील असं. मोठी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्या, लहान म्हणजे पंचेचाळीस, असा माझा ठाम समज. पण ही मोठी असून पंचेचाळीसची होती. बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. मी बिचाऱ्या पोरीला इतकं सावकाश फिरवलं की तिचा आजोबा झाला.

छापून आल्यावर ईश्वर सरांनी खाली फक्त एवढंच लिहिलंय: "रतिलालजींनी रेकॉर्डचा वेग एकदा तपासून पाहावा, ही नम्र विनंती." तळटीपसुद्धा दिली नाही. पुनमचा फोन आला तर ओरडलीही नाही. "काका, तब्येत बरी आहे ना? हे तुमच्यासारखं वाटतच नाही. एक आठवडा देते. पुन्हा लिहा." ओरडली असती तर बरं झालं असतं. सदर हातचं गेल्यात जमा आहे.

एरवी असं होत नाही. एरवी आवाज पटला नाही की इंदिरा हात पुसत येते आणि मशीनवरची वेगाची पट्टी सरकवून जाते. मी तिला नेहमी म्हणतो, मशीनला हात लावू नकोस.

५ एप्रिल

आज इंदिराला फोन केला. ती तिकडे कंटाळली असेल, जरा करमणूक म्हणून मर्व्हलिनचं गाणं फोनवर ऐकवलं, आता बरोबर वेगात. दुसरा काही हेतू नव्हता.

ती म्हणाली, "हाई पोरगी नाचस पन लक्ष दारकडे शे. कोनी तरी येवावं शे." मी विचारलं, "आनखी?" म्हणाली, "जो येवाना व्हता तो येस नही, नि तिले माहीत शे. म्हनीसन ताल इतला जोरमा शे." मी कागद शोधत होतो. म्हणाली, "लिखी राह्यनात का?" म्हटलं, "नही नही, बोल तू."

तासाभरात परीक्षण झालं. पुनमचा निरोप: "हे! हेच! तुम्ही परत आलात!"

परत आलो खरा. पण गेलो कुठे होतो, हे काही लक्षात येत नाही. उन्हामुळे असेल.

१३ एप्रिल, रविवार. धुळे.

रात्री घरी परतल्यावर लिहितोय.

देवपुरातला छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं. इंदिरा शीतलबरोबर दुसऱ्या रांगेत बसली होती, हिरवी साडी नेसून. स्टेजवर पुनम, ईश्वर सर आणि मी. परीक्षा अशी: कोणीच न ऐकलेली एक नवी सात इंची लावायची आणि दोघांनी जागच्या जागी बोलायचं.

ईश्वर सर आधी बोलले. माणूस गोड आहे, उगीच मी इतके दिवस दात-ओठ खाल्ले. गाण्यातला बास कुठल्या जुन्या चालीवरून आलाय ते त्यांनी गाऊन दाखवलं. टाळ्या. मग माईक माझ्याकडे.

मी उभा राहिलो. गाणं पुन्हा लावलं. मी डोळे मिटले. काही म्हणजे काही नाही. "ताल," म्हणालो, "उत्तम आहे." कोणीतरी खोकलं. चक्कर मारून येतो, असं म्हणायचीही सोय नव्हती. घाम पाठीवरून खाली उतरला तो मोजत उभा राहिलो.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून, शीतलला हळूच सांगावं तसा पण अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला: "गानारले इहिरमा टाकेल शे, पन इहिरमा पानीच नही."

आधी एकजण हसला, मग सगळा हॉल. खरंच तसंच होतं! आवाज विहिरीतल्यासारखा घुमवला होता आणि तरी कोरडा. पुनम ताडकन उठली. "हे कोण बोललं?" इंदिराने पदर तोंडाला लावला. पुनमने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "पण काका, ही तर तुमची भाषा आहे."

मी वळून पाहिलं. माझी तिन्ही परीक्षणं हिरवी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती.

एका क्षणात सगळं आठवलं. पहिलं पाऊल. आईचा धाक. सोडलेली जागा, हळद, दाराकडे बघणारी पोरगी. मी चालायला जायचो तेव्हा मला काहीही सुचत नव्हतं, मला ते फक्त आठवत होतं. अशी लाज मला जन्मात वाटली नव्हती. आणि विचित्र असं की लाजेबरोबर हसूही येत होतं, फुटून बाहेर येईल असं.

म्हटलं, बोलून मोकळा हो रतिलाल. माईक दोन्ही हातांनी धरला. "माझी जी तीन परीक्षणं तुम्हाला आवडली, त्यातलं चांगलं वाक्य एकही माझं नाही. सगळी हिची आहेत, इंदिराची. माझं एकच, ते मर्व्हलिन आजोबांचं." हॉल पुन्हा हसला. पहिली टाळी ईश्वर सरांनी वाजवली.

पुनमने रेकॉर्ड उलटी केली. "मावशी, ही व्हर्जन आहे. येता का?" इंदिरा नाही नाही म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता स्टेजवर पोचली. एक फेरी नुसती ऐकली, मानेने ताल धरला, मग:

"हयद कोनी लाई व माय, हयद कोनी लाई,
जमैकाना पाव्हनाले धुयानी पुनमबाईनी लाई."

बायका आधी हसल्या, मग उठून म्हणू लागल्या. गाण्यात ईश्वर सरांना हळद लागली, पुढच्या रांगेतल्या दोन पोरांना लागली, लंडनच्या कंपनीलाही लागली. मी स्टेजच्या कडेला उभा राहून नाचलो. गुडघ्याने काही तक्रार केली नाही.

सदर इंदिराला मिळालं.

परतीच्या बसमध्ये, पारोळा मागे पडल्यावर, मी विचारलं, "इतलं कळस तुले. कधी सांगं काबर नही?"

ती खिडकीतून बाहेर पाहत होती. "मी तं रोज सांगस. तुमी लिखी लेतस. माले वाटस, चाला, कोनी तरी लिखी लेस."

कंडक्टरने विचारलं, बाबा, बरं नाही का. म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

१४ एप्रिल

सदर गेल्याचं दुःख होतंय का, ते तपासलं. होतंय, थोडंसं. दुपारपर्यंत होतं. मग इंदिराने माझ्या अकरा जुन्या रेकॉर्डींच्या बी साइड एकेक करून लावल्या आणि आम्ही दोघांनी जेवण सोडून त्या ऐकल्या. चौदा वर्षं अर्धा खजिना उलटा पडून होता.

२० एप्रिल, रविवार

इंदिराच्या सदरासाठी पहिली रेकॉर्ड आली. ती खुर्चीत बसली आणि लिहायला मी, जमिनीवर. ती सातवी शिकलेली आहे, स्वतः लिहू शकते, पण म्हणाली, "तुमनं अक्षर चांगलं शे." विशेषणं घालायची नाहीत असा सक्त हुकूम. एक हळूच घातलं तर तिने वाचायला लावून खोडायला लावलं.

गाणं एका म्हाताऱ्याचं, समुद्रावरून घरी येणाऱ्याचं. तिने बासबद्दल सांगितलं, ढोलाबद्दल सांगितलं, मी लिहीत गेलो. मग ती थांबली आणि म्हणाली, "तुमले काय वाटनं?"

मी पेन तोंडात घालून बसलो. चक्कर मारून येऊ का, असंही मनात आलं. पण या वेळी रेकॉर्ड पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत ऐकली, वही बंद करून. म्हटलं, "त्याला घरी पोचायचंय, पण पोचल्यावर काय बोलायचं ते त्याला माहीत नाही. म्हणून तो गाणं लांबवतोय."

तिने रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली. मी म्हटलं, राहू दे, नाही जमलं.

"लिखा," ती म्हणाली. मी ते वाक्य लिहिलं. "आते त्याना खाले लिखा: हाई वाक्य मनं नही. हाई रतिलालनं शे."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव फक्त उखाण्यात घेतलं होतं, आणि तेही लोकांनी अडवून धरल्यावर. आज ते तिने सरळ घेतलं, लिहून घ्यायला लावलं, आणि मी नीट लिहिलंय का ते चष्मा लावून तपासलं.